उन्हाळ्याची सुट्टी निसर्गाला जड न होता कशी आखता?

चांदणवेल

नमस्कार मंडळी,

मुलांच्या परीक्षा संपत आल्या आणि घरात सुट्टीचे बेत शिजायला लागले आहेत. आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, बारा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा. हाताशी नऊ दिवस आहेत. बेत असा होता की विमानानं १२०० किलोमीटरवरच्या समुद्रकाठी जायचं आणि तिथून तीन ठिकाणं करून परत यायचं.

तिकिटं बघत बसलो होतो तेव्हा लेक म्हणाली, "आई, घरी आपण दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवतो. सुट्टीला गेलो की वर्षभराचं सगळं तिकडे सांडून येतो." गेल्या सुट्टीत तिनं वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढून पाण्याच्या बाटल्या मोजल्या होत्या. पाच माणसं, सहा दिवस, एकसष्ट बाटल्या. ते पान तिनं माझ्यासमोर धरलं आणि मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून यादी करतेय. बांबूचे ब्रश, कापडी पिशव्या, लवकर विघटन होणारा साबण, घडीचे पेले. आणखी काय घ्यावं? आणि खरोखर फरक पडतो अशा गोष्टी कोणत्या? कुणी अशी सहल केली असेल तर सविस्तर लिहा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्या.

---

खट्याळ_कार्टा

एकसष्ट! पुढच्या सहलीचा खजिना आणि हिशेब दोन्ही लेकीच्या ताब्यात द्या.

---

पायवाट

चांदणवेल, यादी छान आहे, पण त्यातलं काहीही विकत घेऊ नकोस. घरात प्लास्टिकचे ब्रश आहेत ना? ते झिजेपर्यंत वापरा. पिशव्या तर प्रत्येक घरात कपाटाच्या दाराआड कोंबलेल्या असतातच. नवी वस्तू बनवायला, बांधायला आणि आणायला जे लागतं ते आठ दिवसांच्या वापरात फिटत नाही. पाच जणांच्या पाच स्टीलच्या बाटल्या तेवढ्या घ्या, त्याही घरातल्याच. आमच्या बाटलीला तीन पोचे आहेत. धाकटा त्यातल्या एकाला "हा डोंगरावरचा" म्हणतो.

बाटल्या भरायच्या कुठे, ही खरी अडचण. आम्ही राहायची जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारतो: प्यायचं गाळलेलं पाणी भरून घेता येईल का? जिथे "हो, या ना" असं उत्तर येतं तिथली बाकीची व्यवस्थाही बहुधा बरी असते. निघताना घरातलाच एक पाच लिटरचा डबा गाडीत टाका.

---

अनिकेत_आकडे

धाग्याबद्दल आभार. थोडं गणित मांडतो, कारण यादीतल्या सगळ्या वस्तू एका पारड्यात टाकल्या तरी प्रवासाचं पारडं वर येत नाही.

२०१८ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. २००९ ते २०१३ या काळात जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनातून येत होते, असं त्यात निघालं. फक्त विमानं नाहीत, खाणं, राहणं, खरेदी सगळं धरून. पण एका कुटुंबाच्या एका सहलीपुरतं बघितलं तर लांबच्या प्रवासात सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा ये-जा करण्याचाच असतो.

कुठल्या वाहनातून किती कार्बन हवेत जातो, याचे आकडे ब्रिटन सरकार दरवर्षी काढतं. २०२२च्या आसपासचे धरले तर एका माणसामागे एका किलोमीटरला देशांतर्गत विमान साधारण २५० ग्रॅम, गाडीत एकटाच बसलेला माणूस १७० ग्रॅम, रेल्वे ३५ ग्रॅम. युरोपातली विजेवर चालणारी युरोस्टार ही रेल्वे तर ४ ग्रॅम. देशागणिक आकडे बदलतील, क्रम फारसा बदलत नाही.

तुमचे १२०० किलोमीटर घ्या. विमानानं एका माणसाचं एका बाजूचं साधारण ३०० किलो, रेल्वेनं ४२ किलो. पाच माणसं, जाऊन येऊन: तीन टन विरुद्ध ४२० किलो. ब्रश बांबूचा असो की प्लास्टिकचा, या फरकात तो कुठेच दिसत नाही.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न "काय न्यायचं" हा नाही. किती लांब जायचं आणि कशानं जायचं, तिथून सुरुवात करा.

---

रेणुका_म

अनिकेत, आकडे पटले. पण १२०० किलोमीटर रेल्वेनं म्हणजे रात्रभर आणि वर अर्धा दिवस. गुडघे दुखणाऱ्या आजींना वरच्या बर्थवर कोण चढवणार? माझी आई पंचाहत्तरीची आहे. गाडीतल्या शौचालयाच्या धास्तीनं ती प्रवासात पाणीच पीत नाही, आणि मग मुक्कामाला पोचल्यावर दोन दिवस आजारी पडते. मागच्या वेळी हेच झालं. तिच्यासाठी दीड तासाचं विमान ही चैन नाही.

सगळ्यांना एकच माप लावू नये, एवढंच म्हणणं.

---

अनिकेत_आकडे

@रेणुका_म ताई, तुमचं म्हणणं अगदी मान्य. आईंच्या तब्येतीपुढे माझे आकडे मागे राहू देत. विमान लागणारच असेल तर थेट उड्डाण घ्या. उतरून पुन्हा चढण्यात इंधन जास्त जातं, आणि वाट वाकडी होऊन अंतर वाढतं ते वेगळंच. साध्या वर्गातच बसा, कारण पुढच्या रुंद खुर्च्या जास्त जागा अडवतात आणि दर माणशी वाटा दुप्पट-तिप्पट होतो. शक्य असेल तर दिवसाचं विमान घ्या. विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे जमिनीची उष्णता अडवतात. दिवसा तेच पट्टे थोडं ऊन परतवूनही लावतात, रात्री नुसती उष्णता कोंडतात.

---

जुना_नकाशा

अनिकेतराव, गाडीवर अन्याय झाला बरं का. १७० ग्रॅम हा एकटा माणूस बसला तर. पोरी, तुम्ही पाच जण आहात.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला १५३ ग्रॅम. पाच जणांत वाटले की माणशी ३१. म्हणजे रेल्वेच्या पंगतीला बसली की गाडी! एकटा माणूस गाडी घेऊन निघतो तेव्हाचं गणित वेगळं, भरलेल्या गाडीचं वेगळं.

चाळीस वर्षं गाडी चालवतोय, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी टायरमधली हवा तपासा, कमी हवेनं इंधन जास्त जातं. टपावरचं कॅरियर लागणार नसेल तर काढून ठेवा, रिकामं असलं तरी ते वारा अडवतं. शंभरच्या पुढे काटा नेऊ नका, तिथून इंधन भसाभस जायला लागतं. आणि बाकीची मंडळी फोटो काढत असताना एसी चालू राहावा म्हणून इंजिन घरघरत ठेवू नका. बंद करा, खाली उतरा, तुम्हीही बघा.

दर दोन तासांनी थांबलात की सासूबाईंचे गुडघेही मोकळे होतील. माझ्या सौभाग्यवतींसाठी मी हेच करतो. पायाखाली घ्यायला एक बुटकं स्टूल गाडीत कायम असतं.

---

अनिकेत_आकडे

@जुना_नकाशा काका, गणित चोख आहे, मी उगाच एकट्याची गाडी धरली. एक भर: पाच माणसं भरून १२०० किलोमीटर गाडीनं जाणं मुलांना आणि चालवणाऱ्याला झेपेल का? गाडी घ्यायची तर ठिकाण जवळचं निवडणं हाच त्यातला खरा फायदा. अंतर २०० किलोमीटर झालं की वाहन कुठलंही असो, आकडा आपोआप खाली येतो.

---

मृगजळ

मला हा सगळा सूर खटकतोय. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

एक माणूस वर्षातून एकदा मुलांना घेऊन समुद्र बघायला जातो आणि आपण त्याच्यापुढे ग्रॅममध्ये हिशेब ठेवतो. २०२०च्या एका अभ्यासाप्रमाणे २०१८ साली जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या प्रदूषणाला अवघे १ टक्का लोक जबाबदार होते. दर आठवड्याला उडणाऱ्यांना कुणी विचारत नाही. चांदणवेलच्या सासूबाई कदाचित आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार असतील. त्यांना अपराधी वाटायला लावू नका.

बदल वरून व्हायला हवा. फ्रान्सनं कायदाच केला, २०२३ मध्ये तो लागू झाला: जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेनं पोचता येतं तिथे देशांतर्गत विमान बंद. असं काही करा, मग आमच्या ब्रशवर बोला.

---

पायवाट

@मृगजळ, रागावले नाही, उलट बरं झालं लिहिलंस. पण फ्रान्सच्या त्या कायद्यानं प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, लिऑं आणि बोर्डो अशा तीनच मार्गांवरच्या विमानांवर बंदी आली, आणि पुढचं विमान पकडणाऱ्यांना सूट मिळाली. वरून येणारा बदल इतका हळू येतो. तो आणायला खालून लोक लागतात. स्वीडनमध्ये 'फ्लीगस्काम', म्हणजे उडण्याची लाज, हा शब्द लोकांच्याच तोंडी रुळला.

लाज मलाही आवडत नाही. पण मूल वहीत रेघा ओढून प्रश्न विचारत असेल तर त्याला "तो १ टक्का बघ" असं उत्तर देववत नाही गं.

---

मृगजळ

ते मात्र खरं. लेकीचा प्रश्न मी बाजूला टाकला नव्हता. "मोजू नका" असं म्हणत नाही, "सगळं ओझं आईच्या डोक्यावर देऊ नका" म्हणतेय. सहलीची यादी, पिशव्या, पाणी, आता कार्बन, सगळं आईनंच बघायचं?

---

रेणुका_म

मृगजळ, या शेवटच्या ओळीला +१००. चांदणवेल, नवऱ्याला पाण्याचं खातं द्या.

---

शिंपला

मी किनाऱ्यावर वाढलेय, म्हणून दुसरं टोक सांगते. हवेत किती वायू गेला हा एक प्रश्न. आपण जिथे पाय ठेवतो त्या जागेचं काय होतं, हा वेगळा. रेल्वेनं जाऊनही माणूस किनारा घाण करू शकतो.

लहानपणी आम्ही खिसे भरून शंख आणायचो. एकदा रात्री उशाजवळच्या डब्यातून खरखर आवाज आला. उघडून पाहिलं तर एका शंखातून नखाएवढा लालसर पाय बाहेर आला होता. शंखात राहणारा खेकडा होता तो. त्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं. रिकामा शंख मिळाला की त्यात शिरतो, वाढला की मोठा शोधतो. आई कंदील घेऊन माझ्याबरोबर किनाऱ्यावर आली आणि आम्ही सगळा डबा वाळूत ओतला. तेव्हापासून मी शंख उचलत नाही. आपण नेलेला प्रत्येक शंख कुणाचं तरी पुढचं घर असतं.

बाटल्यांवरून आठवलं. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट इथे शास्त्रज्ञांनी मोजणी केली. तोंड वर करून तिरक्या पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत हे खेकडे शिरतात, पण गुळगुळीत भिंतीवरून त्यांना परत चढता येत नाही. दोन्हीकडे मिळून पाच लाखांहून जास्त खेकडे असे मेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातही वाईट हे की एक मेला की त्याच्या वासानं बाकीचे येतात, कारण त्या वासाचा अर्थ "शंख रिकामा झाला" असा असतो. मग तेही त्याच बाटलीत अडकतात.

तुमच्या लेकीला हे सांगा. आणि किनाऱ्यावर उघडी बाटली दिसली तर आत बघून, कुणी असेल तर बाहेर काढून, मगच उचला.

---

खट्याळ_कार्टा

शिंपला ताई, हे वाचून हसायचं विसरलो. आमच्या काचेच्या बरणीत गेल्या वर्षीचे शंख आहेत. या सुट्टीत पुन्हा तिथेच जातोय, परत ठेवून येईन.

---

इंद्रवज्रा

राहायच्या जागेबद्दल लिहिते, कारण तिथे आम्ही सपशेल फसलो होतो.

नावातच 'इको' असलेलं एक ठिकाण घेतलं. छायाचित्रात गवताचं छप्पर, बांबूच्या खुर्च्या. पोचलो तर प्रत्येक खोलीत रोज चार सीलबंद बाटल्या, शांपूच्या बोटभर कुप्या, आणि मागच्या ओढ्यात साबणाचा फेस उतरलेला. न्हाणीघरात पाटी: "पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा." आम्ही टॉवेल दांडीवर वाळत घातला. फिरून आलो तर तो उचलून नवा ठेवलेला. असं तीन दिवस चाललं.

नंतर कळलं की 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्दच हॉटेलच्या टॉवेलवरून आला आहे. अमेरिकेतल्या जे वेस्टरवेल्ड या पर्यावरणवाद्यानं १९८६ मध्ये तो वापरला. एका रिसॉर्टमध्ये त्याला अशीच पाटी दिसली होती, आणि तेच रिसॉर्ट शेजारी नवी बांधकामं करत होतं.

आता मी नावावर जात नाही, फोन करून विचारते. सांडपाणी कुठे जातं? ओला कचरा कोण नेतं? कामाला असलेली माणसं गावातलीच आहेत का? खरं काम करणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो, दहा मिनिटं बोलतो. दुसरा म्हणतो, "मॅडम, आम्ही पूर्ण इको-फ्रेंडली आहोत." प्रमाणपत्र दाखवलं तर ते कुणी दिलं ते बघा. 'ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल' ही संस्था स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही, देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. तेव्हा कुणी थेट तिचं प्रमाणपत्र असल्याचं सांगितलं तर पुढचं विचारा.

---

अनिकेत_आकडे

टॉवेलवर थोडी भर. २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी एका हॉटेलात वेगवेगळ्या पाट्या लावून प्रयोग केला. "पर्यावरण वाचवा" यापेक्षा "इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" ही पाटी जास्त चालली. "या खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे" असं लिहिलं तेव्हा आणखीच जास्त. माणूस उपदेश ऐकत नाही, शेजाऱ्याकडे बघतो.

---

कोवळे_ऊन

वाचतेय. एक शंका: विमानानं जाऊन त्या बदल्यात झाडं लावायला पैसे दिले तर चालेल का? तिकिटाच्या पानावर तसा पर्याय येतो.

---

रानवाट

कोवळे_ऊन, द्यायचे तर द्या, पण त्यानं फिटलं असं धरू नका. विमानाचा धूर आज हवेत जातो, रोप तो शोषायला पुढची कित्येक दशकं घेतं. तेवढा काळ ते जगलं पाहिजे, वणव्यात जाता कामा नये, कुणी तोडता कामा नये. मी वनखात्याबरोबर रोपं लावायच्या कामात होतो. पहिल्या उन्हाळ्यातच किती माना टाकतात ते डोळ्यांनी पाहिलंय. पैसे लावण्याला नव्हे, जगवण्याला लागतात.

आता मृगजळच्या मुद्द्याला माझ्या बाजूनं जोड देतो. "जाऊच नका" हेही उत्तर नाही. रवांडामध्ये गोरिला बघायला जायचं तर एका कळपामागे दिवसाला आठच पर्यटक, तेही तासभर. उद्यानांच्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचे १० टक्के आजूबाजूच्या गावांना जातात. २००५ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली होती. डोंगरी गोरिलांची संख्या हजारावर गेली आणि २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी वर आणलं गेलं. यात पशुवैद्य आणि रक्षकांची मेहनत मोठी आहे, पण तिला पैसा पर्यटनानं पुरवला. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा आफ्रिकेतल्या किती अभयारण्यांचं उत्पन्न आटलं आणि रक्षकांचे पगार कापले गेले, ते आठवा.

उलट बाजू थायलंडची. तिथली माया बे नावाची खाडी एका चित्रपटामुळे गाजली आणि दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं यायला लागली. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले. जून २०१८ मध्ये खाडी बंद केली ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात प्रवाळ पुन्हा लावले, आणि काळ्या टोकाचे छोटे शार्क आपले आपण परतले. आता बोटींना खाडीत शिरता येत नाही, मागच्या बाजूनं उतरून चालत यावं लागतं.

दोन्हीकडे पर्यटकच होते. किती जण आले आणि कुणाच्या नियमानं आले, एवढाच फरक.

---

निवांत

सगळ्यांचं वाचून एकच सांगावंसं वाटतं. चांदणवेल, नऊ दिवसांत तीन ठिकाणं करू नका. एकच करा.

आम्ही दोन वर्षांपूर्वी एका तळ्याकाठी आठ रात्री राहिलो. तिसऱ्या दिवसापर्यंत मुलं कुरकुरली, "इथे बघायला काही नाही." चौथ्या दिवशी मुलाला खंड्याची बसायची फांदी सापडली. मग रोज सकाळी साडेसहाला तो तिथे. खंड्या मासा धरून फांदीवर दोनदा आपटायचा आणि मगच गिळायचा. सहाव्या दिवशी मुलानं सांगितलं, "तो मासा डोक्याकडूनच गिळतो, शेपटीकडून नाही." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तीन ठिकाणं केली असती तर खंड्याचा एक फोटो मिळाला असता.

शिवाय रोजचं सामान बांधणं नाही, टॅक्सी नाही, चादरी बदलणं नाही. दुकानदार, होडीवाला, दूधवाला ओळखीचे होतात. तुमचा पैसा तिथेच राहतो. आणि आजींना एक खुर्ची, एक सावली कायमची मिळते.

---

रेणुका_म

निवांत, किती छान लिहिलंत. माझ्या आईला हेच चाललं असतं.

---

कोवळे_ऊन

थोडं विषयांतर. समुद्रात उतरताना सनस्क्रीन कुठलं लावावं? प्रवाळांना त्रास होतो असं ऐकलं.

---

शिंपला

अमेरिकेतल्या हवाई राज्यानं २०१८ मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाची बंदी त्याच्या वर्षभर आधीची. बाटलीमागची घटकांची यादी वाचा आणि ही दोन नावं टाळा. पण प्रवाळ पांढरे पडतात ते मुख्यतः पाणी तापल्यामुळे, हे विसरू नका. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा सुती किंवा पोहण्याचा शर्ट घाला आणि भर दुपारी पाण्यात जाऊ नका. जेवढं अंग झाकलं तेवढं मलम कमी.

पलाऊचा विषय निघालाच आहे तर, डिसेंबर २०१७ पासून तिथे उतरलं की पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवतात. पाहुण्यानं तिच्याखाली सही करायची. ती प्रतिज्ञा तिथल्या मुलांना उद्देशून आहे. मला ते फार आवडलं.

---

जुना_नकाशा

घर सोडतानाचं कुणी लिहिलं नाही. आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात फ्रिज खाऊन रिकामा करतो. नऊ दिवस बंद ठेवायचा तर पुसून दार उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरते. गीझरचं बटण, टीव्हीचा लाल दिवा, मोबाइलचे चार्जर सगळं भिंतीवरून बंद. पाण्याची मुख्य तोटीही. एकदा आमच्या न्हाणीघरातला नळ ठिबकत राहिला आणि परत आलो तेव्हा टाकी कोरडी. झाडांना शेजारची मुलगी पाणी घालते, तिच्या सुट्टीत तिची झाडं आमच्याकडे.

---

रानवाट

डोंगरात किंवा रानात जाणार असाल तर एक-दोन गोष्टी. 'लीव्ह नो ट्रेस', म्हणजे मागे खूण न ठेवता फिरण्याची, सात तत्त्वं आहेत, सगळी इथे लिहीत नाही, पण पाण्याची गोष्ट मुलांना जरूर शिकवा: झऱ्यापासून, तळ्यापासून साठ मीटर दूर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं. भांडी घासणं, अंग धुणं, विधी, सगळं त्या पलीकडे. साबणाच्या बाटलीवर 'विघटनशील' लिहिलेलं असलं तरी तो थेट पाण्यात नाही, मातीत मुरवायचा. चांदणवेलनं यादीत साबण लिहिलाय म्हणून मुद्दाम सांगतो.

फळांची सालंही परत आणा. "कुजेलच की" म्हणून टाकतात. संत्र्याचं साल महिनोन्‌महिने तसंच राहतं, आणि त्या वासानं माकडं, कोल्ही वाटेवर यायला शिकतात.

---

चांदणवेल

मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरात रोज रात्री हा धागा मोठ्यानं वाचला जात होता. सगळ्यांचे मनापासून आभार.

ठरलं ते सांगते. विमान रद्द, म्हणजे तिकिटं काढलीच नव्हती. १२०० किलोमीटरचा समुद्रही या वर्षी नाही. २०० किलोमीटरवर एक किनारा आहे, लहानसा, त्याचं नाव सहलीच्या कुठल्या यादीत नसतं. आम्ही दरवेळी त्याच्यावरून पुढे जात होतो. तिथे एका घरात आठ रात्री. गाडीनं, पाच जण, टायरची हवा तपासून. काका, बुटकं स्टूल घेतलंय. सासूबाईंनी त्यावर बसून पाहिलं आणि पसंत केलं.

इंद्रवज्राचे तीनही प्रश्न फोनवर विचारले. घरमालकीणबाई सांडपाण्यावर इतक्या बोलल्या की मला वहीत लिहून घ्यावं लागलं. न्हाणीघराचं पाणी केळीच्या वाफ्यात सोडतात, म्हणून साबण जपून वापरा म्हणाल्या. पाणी भरून घ्यायची सोय आहे.

पाण्याचं खातं नवऱ्याकडे. त्यानं पाच बाटल्यांना पाच रंगांचे दोरे बांधले आहेत. मृगजळ, तुझी ओळ त्याला वाचून दाखवली होती.

लेकीनं दुपारभर वही घेऊन आकडेमोड केली आणि तीन टनांचे दीडशे किलोच्या आसपास आले म्हणाली. अनिकेत, तिनं लिटरला पंधरा किलोमीटर धरले, परतीचं अंतर मिळवलं आणि समुद्रकाठच्या फेऱ्यांचे शंभर किलोमीटर वर टाकले. बरोबर आहे का?

---

अनिकेत_आकडे

५०० किलोमीटर, ३३ लिटर, २.३नं गुणून ७७ किलो. पाच जणांचं मिळून. तिनं बहुतेक चुकून दोनदा दुप्पट केलं. पुन्हा करायला सांगा, आकडा अजून खाली आल्यावर तिलाच आनंद होईल.

---

मृगजळ

दोरे वाचून बरं वाटलं. सासूबाईंना विमानात मात्र कधीतरी बसवा गं.

---

चांदणवेल

विचारलं त्यांना. म्हणाल्या, "खुर्चीतून समुद्र दिसला म्हणजे झालं."

एक शेवटचं विचारते. घरमालकीणबाई म्हणाल्या की त्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणून रात्री पुढच्या अंगणातला दिवा लावायचा नाही. मुलगा अंधाराला घाबरतो. छोटा टॉर्च नेला तर चालेल का? त्यानं आत्ताच दप्तरात भरलाय.

---

शिंपला

बाईंचं बरोबर आहे. पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेनं चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतं ते समुद्राचं क्षितिज, म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे घरांचे दिवे असले की उलटी फिरतात आणि सकाळी उन्हात सापडतात.

घरात आणि वाटेवर टॉर्च चालेल. काचेवर लाल जिलेटीन कागद रबरानं बांधा, लाल उजेड त्यांना कमी दिसतो. वाळूवर गेलात की तोही बंद करा आणि त्याचा हात धरा. दहा मिनिटांत डोळे सरावतात.

---

चांदणवेल

कागद एक थर की दोन? तो शेजारी उभा राहून विचारतोय.

---

शिंपला

दोन. आणि टॉर्च कायम पायाकडे धरायचा, म्हणावं.